एक पाणी, दोन वह्या

नीरा डाव्या कालव्याच्या काठी ज्याची विहीर आहे, त्याला आवर्तन सुटल्याची बातमी पेपरात वाचावी लागत नाही. ती त्याला विहीर सांगते. कालवा भरून वाहू लागला की दोन-चार दिवसांत काठच्या विहिरी वर यायला लागतात. काल उघडा पडलेला खडक आज बुडालेला असतो, मोटर थोडी जास्त वेळ चालते. कालवा बंद झाला की विहीर काही दिवस तग धरते आणि मग हळूहळू खाली जाते. सणसरहून लासुर्ण्याकडे जाताना किंवा जंक्शनच्या चौकातून वालचंदनगरकडे वळताना रस्त्याच्या दोन्ही अंगांना ऊस उभा दिसतो. त्यातला किती चारीच्या पाण्यावर आहे आणि किती विहिरीच्या, हे नुसतं बघून ओळखता येत नाही. शेतकऱ्याला विचारलं तर तो दोन्हींचं नाव घेतो आणि वर एक शब्द जोडतो: पाझर.

पाटबंधारे खात्याच्या कागदात याच पाण्याला 'वहनव्यय' म्हणतात. धरणातून सोडलेलं आणि शेताच्या तोंडाशी न पोचलेलं पाणी, म्हणजे वाटेतली घट. कालव्याच्या काठावर एका वहीत जे जमेला आहे ते दुसऱ्या वहीत खर्ची पडलेलं आहे. तिसरी गंमत अशी की भूजल मोजणाऱ्या यंत्रणेच्या तक्त्यात तेच पाणी पुन्हा एकदा 'भूजल' म्हणून दिसतं, जणू ते आभाळातूनच त्या विहिरीत उतरलं असावं. बारामती-इंदापूरच्या पाण्याबद्दल जितकं वाचावं आणि जितकं हिंडावं तितकं माझं एक मत पक्कं होत गेलं आहे. इथे पाणी कमी आहे हे खरंच, पण त्याहून मोठी अडचण अशी की एकाच पाण्याचे हिशेब वेगवेगळ्या टेबलांवर ठेवले जातात आणि ती टेबलं कधी जवळ आणली जात नाहीत. पाऊस शिस्तीत पडत होता तोवर हे खपून गेलं. आता खपत नाही.

नीरा उगम पावते भोर तालुक्यात, सह्याद्रीच्या कुशीत. तिथे पाऊस मीटरमध्ये मोजावा असा पडतो. तीच नदी पुरंदर, बारामती, इंदापूर डाव्या हाताला आणि खंडाळा, फलटण, माळशिरस उजव्या हाताला ठेवत नीरा नरसिंहपूरला भीमेला मिळते. वालचंदनगरपर्यंत येताना ती अशा मुलखात उतरलेली असते जिथे वर्षाचा पाऊस पाचशे मिलिमीटरच्या आसपास असतो, आणि तोही लहर लागली तर. म्हणजे पाणी घाटात आणि जमीन पठारावर. मधलं काम धरणांनी आणि कालव्यांनी करायचं. भाटघर २३.५० टीएमसी, नीरा देवघर ११.७३, वीर ९.४१ आणि गुंजवणी ३.६९, अशी सगळी मिळून अठ्ठेचाळीस टीएमसीच्या घरात साठवण. पावसाळ्यात या चार आकड्यांची टक्केवारी बारामतीच्या चहाच्या टपरीवर क्रिकेटच्या धावसंख्येसारखी पाठ असते.

टीएमसी म्हणजे अब्ज घनफूट. या आकड्याचा अंदाज यावा म्हणून एक साधा हिशेब करून पाहू. डावा कालवा आठशे क्युसेकच्या आसपास वाहतो असं धरलं तर चोवीस तासांत सुमारे ०.०७ टीएमसी पाणी जातं. एक टीएमसी संपायला चौदा-पंधरा दिवस. महिनाभराच्या एका आवर्तनात दोन टीएमसी. आता दुसरी बाजू. उसाला लागवडीपासून तोडणीपर्यंत अडीच हजार मिलिमीटर पाणी धरलं, आणि आडसाली असेल तर त्याहून जास्त, तर हेक्टरी अडीच कोटी लिटर झालं. वाटेत एक थेंबही वाया गेला नाही असं मानलं तरी एक टीएमसीत अकराशे हेक्टरच्या आसपास ऊस भिजतो. प्रत्यक्षात घट धरली की हा आकडा बराच खाली येतो. तेवढ्याच पाण्यावर रब्बीची ज्वारी किंवा हरभरा काही पटींनी जास्त क्षेत्रावर निघतो. हा हिशेब या भागातल्या कुठल्याही जाणत्या शेतकऱ्याला मी शिकवावा असं नाही. त्याला तो माझ्यापेक्षा नीट येतो. तरी तो ऊस लावतो, कारण ज्वारीचा भाव पडला तर त्याला कोणी वाली नसतो आणि उसाला कारखाना असतो. तोड येते, बिल उशिरा का होईना खात्यावर येतं, आणि पीक गारपिटीत, पुरात, मजूर नसताना, घरात आजारपण असतानाही उभं राहतं. उसाला आळशाचं पीक म्हणणाऱ्यांनी रात्री दोन वाजता थंडीत सरीत उभं राहून एकदा दारं धरून पाहावं.

हा ऊस कालव्याबरोबर आला असं समजलं जातं, पण ते पूर्ण खरं नाही. कालवा आला दुष्काळामुळे. १८७६-७७च्या मोठ्या दुष्काळानंतर दख्खनमध्ये जी कामं निघाली त्यांत नीरा डावा कालवा होता. त्याचा हेतू पिकं वाचवण्याचा, बाजरी-ज्वारीला अडीअडचणीला पाणी देण्याचा. पण पाऊस बरा झाला की काळ्या जमिनीच्या शेतकऱ्याला कालव्याचं पाणी नको असे, पट्टी कोण भरणार. आणि पाऊस गेला की सगळ्यांना एकदम हवं असे. कालवा सुरुवातीला तोट्यात चालला तो यामुळे. त्याला गिऱ्हाईक मिळवून दिलं उसाने, आणि उसाची विद्या आणली सासवडच्या माळी बागाईतदारांनी. ते विहिरीवर ऊस आणि भाजीपाला करण्यात मुरलेले होते. खंडाने जमिनी घेत ते कालव्याच्या काठाने खाली सरकत गेले, गुऱ्हाळं लागली, बारामतीची गुळाची पेठ उभी राहिली. दुष्काळात ज्वारी वाचवायला काढलेला कालवा तीस वर्षांत गुळाचा कालवा झाला.

आणि मग जमिनी बिघडायला लागल्या. हेरॉल्ड मान हे पुण्याच्या शेतकी महाविद्यालयाशी जोडलेले रसायनशास्त्रज्ञ. त्यांनी व्ही. ए. ताम्हाणे यांच्याबरोबर १९१० साली मुंबई सरकारच्या शेतकी खात्यासाठी एक पत्रिका लिहिली, विषय नीरा खोऱ्यातल्या खारवट जमिनी. म्हणजे कालवा सुरू होऊन पंचवीसेक वर्षंच झाली होती. कालव्यातून आणि शेतातून पाझरलेलं पाणी खालच्या मुरमात साठत गेलं, भूजल वर आलं, त्याबरोबर क्षार वर आले, उन्हाने पाणी उडालं आणि जमिनीवर पांढरी बुरशी धरावी तसा थर राहिला. गावात याला शास्त्रीय नाव लागत नाही. शेत चोपण झालं, पाणथळ झालं, नासलं, असे शब्द आहेत. ओढ्याकडच्या, सखल भागातल्या, म्हणजे एरवी सर्वांत भारी समजल्या जाणाऱ्या काळ्या जमिनी आधी गेल्या. या प्रश्नाचा सरकारवर इतका दाब आला की मुंबई प्रांताने १९१६ साली सिंचनासाठी खास संशोधन कक्ष काढला. क्लॉड इंग्लिस या अभियंत्याने त्यात निचऱ्याचं मोठं काम केलं. खडकवासल्याची केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन संस्था त्याच कक्षातून वाढली. देशातल्या मोठमोठ्या धरणांच्या प्रतिकृती तपासणाऱ्या या संस्थेची मुळं दख्खनच्या कालव्यांवर नासलेल्या शेतांत आहेत, हे मला फार अर्थपूर्ण वाटतं.

त्याआधी मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या पुण्यात कार्यकारी अभियंता असताना त्यांनी ब्लॉक पद्धत मांडली होती. ज्याला पाणी हवं त्याला हवं तिथे देण्याऐवजी गावागावात योग्य निचऱ्याच्या जमिनीचे ब्लॉक पाडायचे, ब्लॉकच्या तिसऱ्या हिश्श्यातच ऊस, बाकीच्यात हंगामी पिकं, आणि पुढच्या वर्षी फेर बदलायचा. पाणी जास्त गावांत पसरावं, जमीन पाणथळ होऊ नये, डासांचा उपद्रव वाढू नये, असे तिन्ही हेतू त्यात होते. या गोष्टीला एकशेवीस वर्षं झाली. तिसरा हिस्सा ऊस हे सूत्र आज वालचंदनगरच्या आसपास कुणासमोर मांडलं तर तो ते नवं आणि कडक म्हणेल.

त्याहूनही जुनी एक गोष्ट मला या शोधात सापडली आणि ती मी अनेकांना सांगितली आहे. १८७९च्या मुंबई पाटबंधारे कायद्यात एक कलम होतं. कालव्यापासून दोनशे यार्डांच्या आत जी लागवडीची जमीन किंवा विहीर आहे, तिला कालव्याच्या पाझराचा फायदा थेट पाण्याइतका होत असेल, तर तिच्यावरही पट्टी आकारता येईल. शेतकऱ्याला हे कलम गोड लागणं शक्य नव्हतं. पण त्यामागची समज बघा. कायदा लिहिणाऱ्याला ठाऊक होतं की कालव्याचं पाणी काठाशी थांबत नाही, आणि पलीकडच्या विहिरीतलं पाणी हे कालव्याचंच आहे. आपण नंतर कायदे वाढवले. २००५ साली जलसंपत्ती नियमन प्राधिकरण आलं, त्याच वर्षी सिंचन व्यवस्थापनात शेतकऱ्यांच्या सहभागाचा कायदा आला, २००९चा भूजल कायदा २०१४पासून लागू झाला. प्रत्येक कायद्यात चांगलं काही आहे. तरीही कालवा आणि विहीर ही त्यांच्या दृष्टीने दोन वेगळी घरं आहेत.

१९२८ साली भाटघरला लॉईड धरण पुरं झालं. येळवंडीवर आधी एक जुनं लहान धरण होतं, नव्या धरणाने ते पोटात घेतलं. आज त्या जलाशयाला येसाजी कंकांचं नाव आहे. पाणी वाढलं, उजवा कालवा निघाला, आणि सरकारला या पाण्यासाठी मोठे, हमखास गिऱ्हाईक हवे झाले. इथे वालचंद हिराचंद येतात. सोलापूरचा हा माणूस रेल्वेच्या आणि सरकारी बांधकामांच्या ठेकेदारीत वाढलेला. त्यांच्या मार्सलँड प्राइस कंपनीने इंदापूर तालुक्यात नीरेच्या काठी, कळंब गावाशेजारी जमीन घेऊन मळा उभा केला. १९३२ साली साखर उद्योगाला जकातीचं संरक्षण देणारा कायदा झाला, आणि त्या लाटेत इथे साखर कारखाना आला. माळीनगरला सासवडच्या माळ्यांनी स्वतःचा कारखाना काढला तोही याच काळात. कळंबचं माळरान वालचंदनगर झालं. रस्ते, वसाहत, शाळा, दवाखाना, आणि पुढे यंत्रांचा कारखाना. साखर कारखान्यांची यंत्रं बनवत बनवत तो अवकाश संशोधन संस्थेच्या रॉकेटांचे भाग बनवण्यापर्यंत गेला. या सगळ्याच्या तळाशी कालव्याचं आवर्तन होतं, हे तिथल्या मोठ्या चिमण्यांकडे बघताना विसरायला होतं.

जमीन कमाल मर्यादेच्या १९६१च्या कायद्यानंतर खाजगी कारखान्यांचे मळे १९६३ साली स्थापन झालेल्या शेती महामंडळाकडे गेले. वालचंदनगर आणि रत्नपुरीचे मळे त्यात होते. खंडकऱ्यांना, म्हणजे ज्यांनी कारखान्यांना जमिनी खंडाने दिल्या होत्या त्यांना, त्या परत मिळण्याचा लढा पुढे पन्नास वर्षं चालला, पण तो स्वतंत्र लेखाचा विषय आहे. इथे सांगायचं ते इतकंच की एका मालकाच्या हाती असलेला सलग मळा फुटला, सहकारी कारखाने आले, भवानीनगर, माळेगाव, सोमेश्वर, आणि जिथे शंभर एकरांवर एका मुकादमाच्या शब्दाने पाणी फिरत होतं तिथे शेकडो खातेदार, शेकडो मोटरी आणि शेकडो विहिरी झाल्या. पाण्याची वाटणी आता नकाशावर होत नाही. ती विजेच्या वेळापत्रकावर आणि अश्वशक्तीवर होते.

इंदापूर तालुक्याच्या नशिबाबद्दल एक गोष्ट नकाशा पुढे घेतल्याशिवाय कळत नाही. हा तालुका तीन पाण्यांच्या शेपटाला आहे. नीरा डावा कालवा सुमारे एकशेसाठ किलोमीटर चालून इथे संपतो. खडकवासल्याचा नवा मुठा उजवा कालवा २०२ किलोमीटर चालून इथेच संपतो, आणि त्याच्या मुखाशी पुणे शहर बसलेलं आहे. ते दर वर्षी थोडं जास्त पितं. तिसऱ्या बाजूला उजनीचं बॅकवॉटर इंदापूरच्या जमिनी पोटात घेऊन पसरलेलं आहे, पळसदेवचं जुनं देऊळ पाणी ओसरलं की वर येतं, पण ११७ टीएमसीच्या त्या धरणाचं पाणी मुख्यतः खालच्या सोलापूर जिल्ह्याचं. डोळ्यांसमोर पाणी आणि शिवारात धूळ, अशी गावं या तालुक्यात आहेत. बावीस गावांचा पाणीप्रश्न हा शब्दप्रयोग इंदापुरात लहान मुलालाही माहीत आहे. २०२१च्या एप्रिलमध्ये उजनीतून पाच टीएमसी पाणी इंदापूरला देण्याचा निर्णय झाला, सोलापूर पेटलं, आणि मे महिन्यात तो रद्द झाला. नंतर बारामती-इंदापूरच्या जिरायती गावांसाठी लाकडी-निंबोडी उपसा योजना मंजूर झाली.

नीरेवरही तेच. १९५४च्या वाटपात वीर-भाटघरच्या पाण्यातले ४३ टक्के डाव्या कालव्याला आणि ५७ टक्के उजव्याला. नीरा देवघर झालं, पण त्याचे स्वतःचे कालवे पुरे व्हायला वेळ लागला, त्यामुळे उरलेल्या पाण्याचा प्रश्न आला. २०१९ साली ते डाव्या कालव्याला देणं बंद झालं. सरकार बदलल्यावर, २०२०च्या फेब्रुवारीत, पंचावन्न-पंचेचाळीस अशी नवी वाटणी झाली. फलटण-माळशिरसच्या माणसाला एक निर्णय न्याय वाटला आणि बारामती-इंदापूरच्या माणसाला दुसरा. मी दोन्ही काठांवर फिरलो आहे. दोन्हीकडे ऊस आहे, दोन्हीकडे जिरायती गावं कोरडी आहेत, आणि दोन्हीकडे भांडण समोरच्या काठाशी आहे. आपल्याच काठावरच्या हेडने, म्हणजे कालव्याच्या मुखाकडच्या गावांनी, शेवटाकडच्या टेलचं किती पाणी ओढलं, हा प्रश्न मात्र हळू आवाजात विचारला जातो.

मोठ्या उपायांची किंमतही या मातीने दिली आहे. पुराचं जादा पाणी नीरेतून भीमेत न्यायचं म्हणून वालचंदनगरजवळच्या उद्धटपासून उजनीच्या बाजूला भादलवाडीपर्यंत चोवीसेक किलोमीटरचा बोगदा खोदायला घेतला गेला. नोव्हेंबर २०१८मध्ये अकोले गावाजवळच्या शाफ्टमध्ये क्रेनचा अपघात होऊन आठ मजूर दगावले. दूरच्या राज्यांतून आलेली माणसं होती ती. या योजनेबद्दल बोलताना टीएमसीचे आकडे सांगितले जातात. त्या आठजणांचा उल्लेख प्रत्येक वेळी व्हायला हवा असं मला वाटतं.

आता हवामान. पुण्यातल्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतले रॉक्सी मॅथ्यू कोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ साली दाखवून दिलं की गुजरात-महाराष्ट्रापासून ओडिशापर्यंतच्या मध्य भारताच्या पट्ट्यात १९५० ते २०१५ या काळात विस्तृत अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्या. एकूण पाऊस वाढला नाही, उलट. पाऊस कमी दिवसांत जास्त पडतो आणि मधली उघडीप लांबते. बारामती-इंदापूरने हे प्रबंधाविना अनुभवलं आहे. सप्टेंबर २०१९मध्ये कऱ्हेला पूर आला, तीच कऱ्हा जी बहुतेक वर्षभर वाळूचा पट्टा असते, आणि बारामतीत हजारो माणसं रात्री हलवावी लागली. ऑक्टोबर २०२०मध्ये इंदापुरात पाऊस असा कोसळला की ओढ्यांनी रस्ते कापले. मग २०२३चा ऑगस्ट, १९०१पासूनचा देशातला सर्वांत कोरडा ऑगस्ट. त्या वर्षी पुरंदर, बारामती, दौंड, इंदापूर आणि शिरूर हे तालुके दुष्काळाच्या यादीत होते. आणि दोन वर्षांनी, २५ मे २०२५ला, ज्या महिन्यात इथला शेतकरी विहिरीच्या तळाकडे बघत असतो त्या महिन्यात, इतका पाऊस झाला की बारामती तालुक्यात पिंपळी-लिमटेकजवळ नीरा डावा कालवाच फुटला. शेतं वाहून गेली, पालखी मार्गावर पाणी आलं, राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाच्या तुकड्या आल्या. पाणी आणण्यासाठी बांधलेला कालवा पाण्यानेच फुटला.

अशा पावसाचं पाणी साठवायला धरणांत जागा उरत नाही. भाटघर-वीर जुलै-ऑगस्टमध्ये भरली की पुढचा पाऊस वीरच्या दरवाज्यांतून खाली जातो, नरसिंहपूरला भीमेत शिरतो आणि पंढरपूरचे घाट बुडवतो. उरलेली जागा जमिनीखाली आहे. पण आपल्या बेसाल्टच्या पोटात जागा कमी. वर काळी माती, खाली मुरूम, त्याखाली फुटीव खडक, मग अखंड काळा पाषाण. पाणी राहतं ते मुरमात आणि फटींमध्ये. म्हणजे हे भांडं लवकर भरतं आणि लवकर रिकामं होतं. लवकर भरतं म्हणून दुष्काळात कालव्याचं एक आवर्तनही विहिरींना जीव देतं. लवकर भरतं म्हणूनच पाणी जास्त झालं की सखल जमीन नासते. एकाच शिवारात वरच्या अंगाला बोअर तीनशे फुटांवर कोरडी आणि खालच्या अंगाला शेत पाणथळ, हे चित्र तेव्हा विचित्र वाटत नाही.

हे सगळं ध्यानात ठेवलं की कालव्याच्या अस्तरीकरणाचं भांडण समजतं. गेल्या काही वर्षांत नीरा डाव्या कालव्याला अस्तर लावण्याचं काम पुढे आलं आणि काठच्या शेतकऱ्यांनी विरोध केला. खात्याचं म्हणणं खोटं नाही. जुना मातीचा कालवा गळतो, टेलला पाणी पोचत नाही, आवर्तन लांबतं, आणि इंदापूरच्या शेवटच्या चारीवर ज्याने नमुना सातचा अर्ज भरला आहे त्याचं पीक वाळतं. शेतकऱ्यांचं म्हणणंही खोटं नाही. अस्तर झालं की विहिरी आटतील. आणि या विहिरींवर फक्त ऊस नाही, गावांच्या पिण्याच्या योजनाही आहेत, कालव्यापासून दूरच्या कोरडवाहू वस्त्यांना पाइपाने जाणारं पाणीही आहे. मी या वादात कोणाच्या बाजूचा, असं मला विचारलं गेलं आहे. अस्तराला माझा विरोध नाही. माझा विरोध आहे तो वाचलेल्या पाण्याचा धनी ठरवल्याशिवाय अस्तर लावण्याला. आज पाझरावर किती विहिरी आहेत, त्या किती उपसतात, त्यांतल्या कोणत्या पिण्याच्या, अस्तरानंतर टेलला जादा जाणारं पाणी कोणत्या गावाला आणि कोणत्या पिकाला, हे आधी मोजायला हवं. ते मोजलं नाही तर काय होतं हे ठरलेलं आहे: वाचलेलं पाणी वरच्याच एखाद्या नव्या उसाला जातं, आणि खाली टेल तसंच राहतं.

ठिबकचंही असंच झालं आहे. राज्य सरकारने २०१७ साली उसाला ठिबक सक्तीचं करायचं ठरवलं. अनेकांनी केलं, चांगलं केलं, पाणी खरंच वाचलं, आणि वाचलेल्या पाण्यावर त्याच शेतकऱ्याने आणखी दोन एकर ऊस लावला. त्याचं गणित चुकलं नाही. खोऱ्याचं चुकलं. बारामतीच्या अॅग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्टने १९७१पासून या भागात पाझर तलाव, ठिबक, सुधारित वाण असं बरंच काम उभं केलं. आता तिथे कृत्रिम बुद्धिमत्तेच्या मदतीने उसाला नेमकं पाणी-खत देण्याचे प्रयोग शेकडो शेतकऱ्यांच्या शेतांवर चालू आहेत. माळेगाव खुर्दला २००९पासून अजैविक ताणावर संशोधन करणारी राष्ट्रीय संस्था आहे. खडकाळ माळावर पीक कसं जगवायचं हे ती शोधते. फलटण तालुक्यातल्या पाडेगावचं ऊस संशोधन केंद्र तर १९३२पासून आहे, आणि महाराष्ट्रात सर्वांत जास्त पसरलेल्या को-८६०३२ या वाणाला 'नीरा' हेच नाव दिलेलं आहे. ज्ञानाची कमतरता या खोऱ्यात नाही. पण शेतातलं पाणी वाचवणं आणि खोऱ्यातलं पाणी वाचणं या दोन गोष्टी आपोआप एक होत नाहीत. त्यांना जोडणारा हिशेब माणसांनी बसून ठरवावा लागतो.

तसा तो एकदा ठरवला गेला होता, आणि फार दूर नाही. पुरंदर तालुक्यातल्या नायगावला, १९७२च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे नावाचा पुण्यातला कारखानदार अभियंता आला. देवस्थानची चाळीसेक एकर ओसाड जमीन त्याने कराराने घेतली, पाणी अडवलं, आणि त्यातून पाणी पंचायत उभी राहिली. तिचे नियम वाचताना आजही थबकायला होतं. पाणी जमिनीच्या एकरावर नाही, घरातल्या माणसांवर. माणशी अर्धा एकर, कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकर. भूमिहीनालाही वाटा. जमीन विकली तर पाण्याचा हक्क जमिनीबरोबर जाणार नाही. आणि ऊस नाही. खर्चाचा पाचवा हिस्सा लाभार्थ्यांनी आधी भरायचा. हे सगळीकडे टिकलं असं नाही. साळुंखे २००२ साली गेले, अनेक योजना बंद पडल्या. कालव्याचं पाणी जवळ आलं तशी ऊस न लावण्याची शपथ सुटत गेली. मात्र १९७९ साली दांडेकर, देऊसकर आणि देशमुख यांच्या समितीने आठमाही, म्हणजे वर्षातले आठच महिने, पाण्याचा विचार मांडला, आणि १९८७ साली राज्याने तो धोरण म्हणून घेतला, तेव्हा त्याच्या मागे पाणी जास्त लोकांत वाटलं जावं हीच भूक होती. जुन्या कालव्यांवर बारमाही पाणी राहिलं. केंद्राच्या कृषिमूल्य आयोगाने नंतर लिहून ठेवलं की महाराष्ट्रात चार टक्क्यांहून कमी क्षेत्रावरचा ऊस सिंचनाचं सुमारे सत्तर टक्के पाणी घेतो.

अटल भूजल योजनेत पुरंदर, बारामती आणि इंदापूर हे तालुके होते. गावाने आपल्या पाण्याचा ताळेबंद स्वतः मांडायचा, ही त्यातली खरी गोष्ट. पाऊस किती, मुरला किती, उपसला किती, हे गावाच्या भिंतीवर लिहायचं. जिरायती गावांत हा ताळेबंद जुळतो. कालव्याच्या गावात त्यात एक रकाना रिकामा राहतो किंवा अंदाजाने भरला जातो: कालव्यातून आलेलं पाणी. तो आकडा पाटबंधारे खात्याकडे आहे, वहनव्यय या नावाखाली.

तुम्ही हा अंक हातात घ्याल तेव्हा पंधरा ऑक्टोबरचे धरणसाठे मोजून झालेले असतील आणि कालवा सल्लागार समितीच्या बैठकीची तारीख ठरत असेल. त्या बैठकीत धरणांचा तक्ता असतो, आवर्तनांची संख्या ठरते, टेल-टू-हेड की हेड-टू-टेल यावर आवाज चढतात. भूजल सर्वेक्षण यंत्रणा जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबर असं वर्षातून चार वेळा निरीक्षण विहिरींचं पाणी मोजते, त्यातलं ऑक्टोबरचं मोजमापही नेमकं याच दिवसांत होतं. माझी मागणी लहान आहे. हा दुसरा तक्ता त्याच टेबलावर, पहिल्याच्या शेजारी ठेवावा. कोणत्या गावाच्या विहिरी भरलेल्या आहेत हे बघून त्या गावाचं पहिलं आवर्तन मागे घ्यावं, रिकाम्या गावाचं पुढे. अस्तर कुठे लावायचं आणि कुठे पाझर राहू द्यायचा हे त्यावरून ठरवावं. आणि जिथे पाणी जमिनीच्या हातभर खाली आलं आहे तिथे आवर्तन देण्याआधी निचऱ्याचे चर काढावेत. यासाठी नवा कायदा लागत नाही, नवं धरणही नाही.

कळंबच्या किंवा लासुर्ण्याच्या शिवारात एखाद्या जुन्या, दगडी बांधणीच्या विहिरीत वाकून पाहा. बांधकामावर एकाखाली एक पांढरट रेघा दिसतात. पाणी जिथे जिथे काही दिवस थांबलं आणि उतरलं तिथे तिथे क्षारांनी ओढलेल्या. वरची रेघ बहुधा पावसाळ्याची. खालच्या बऱ्याचशा आवर्तनांच्या.